लॉनखालची दबलेली माती मोकळी कशी करायची

लॉन पिवळे पडू लागले की आधी युरिया पडतो. मग पाणी वाढते. त्यानेही भागले नाही की माळी बदलतो. तीन-चार आठवडे गवत बरे दिसते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बऱ्याचदा दुखणे गवताला नसतेच, खालची माती दबलेली असते. अशा मातीवर टाकलेले खत वरच्या वर राहते आणि पाणी वाढवले तर मुळे आणखी गुदमरतात. इथे करायचे ते काम वेगळे आहे: ठरावीक अंतरावर भोके पाडून थोडी माती बाहेर काढायची आणि हवा-पाण्याला खाली जायला वाट द्यायची. माळीकामात याला एरेशन म्हणतात.

हा लेख बंगला, रो-हाउस किंवा तळमजल्याच्या घरापुढच्या चारपाचशे चौरस फुटांच्या लॉनसाठी आहे. मोठे मैदान असेल तर यंत्र आणि माणूस दोन्ही लागतील. घरच्या लॉनला मात्र एक अवजार, दोन सकाळी आणि बऱ्यापैकी धीर पुरतो. ताकदीपेक्षा वाफसा, म्हणजे मातीत कामाजोगी बेताची ओल कधी आहे ते, ओळखता येणे जास्त महत्त्वाचे, त्यामुळे त्यावर पुढे जरा लांबण लावली आहे.

माती दबते म्हणजे काय होते

चांगल्या मातीत साधारण अर्धा भाग घन कणांचा असतो आणि अर्धा पोकळ्यांचा. त्या पोकळ्यांपैकी निम्म्यांत पाणी आणि निम्म्यांत हवा असेल तर मुळे सुखात असतात. पायाखाली माती दबते तेव्हा सर्वांत आधी मोठ्या पोकळ्या बंद होतात, आणि पाणी खाली जाते व हवा आत येते ती याच मोठ्या पोकळ्यांतून. बारीक पोकळ्या शिल्लक राहतात, पण त्या पाणी घट्ट धरून ठेवतात. म्हणून दबलेले लॉन पावसाळ्यात डबक्यासारखे भरते आणि उन्हाळ्यात तेच लॉन सर्वांत आधी करपते. मुळे वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्येच अडकलेली असतात, खालचे पाणी त्यांच्या हाती लागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान ओल्या मातीवर चालल्याने होते. कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडवून धरतात, ओल असली की ते घसरतात आणि जवळ जवळ बसतात. क्रिकेटची खेळपट्टी नेमकी याच गुणावर तयार होते: चिकणमातीत बेताची ओल ठेवायची आणि रोलर फिरवायचा. पावसाळ्यात रोज फाटकापासून नळापर्यंत चालत जाणारा माणूस आपल्या लॉनवर अजाणता तेच करत असतो. पायांचा दाब मुख्यतः वरच्या पाच ते आठ सेंटीमीटरमध्ये जाणवतो. गाडीची चाके आणि बांधकामाची अवजड यंत्रे यांचा दाब त्याहून बराच खोल जातो, आणि त्याचा इलाजही वेगळा आहे.

आधी खात्री करा

एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, पंधरा सेंटीमीटर दांडीचा. लॉनला पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो तळहाताच्या जोराने मातीत दाबा. फुलझाडांच्या वाफ्यात तो सरळ जातो. लॉनच्या मधोमध चार-पाच सेंटीमीटरवर अडला, अंगाचा भार टाकावा लागला, तर माती दबलेली आहे. दहा-बारा ठिकाणी तपासा आणि कागदावर लॉनचा ओबडधोबड नकाशा काढून कुठे अडला ते खुणा करा. बहुतेक लॉन सगळीकडे सारखे दबलेले नसते. येण्याजाण्याची वाट, झोपाळ्याखालचा पट्टा, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायची जागा, एवढेच गुन्हेगार निघतात. कोरड्या मातीत ही चाचणी करू नका. वाळलेली काळी माती दबलेली नसली तरी दगडासारखीच लागते.

दुसरी तपासणी जास्त बोलकी आहे, पण लोक ती टाळतात, कारण लॉन कापावे लागते. एका कोपऱ्यात कुदळीने वीतभर लांब-रुंद गवताचा तुकडा उचला आणि खाली फूटभर खणा. पुण्या-नाशिकच्या नव्या रो-हाउसांत असे खणले तर बरेचदा पुढचे दृश्य दिसते: वर नर्सरीतून आलेल्या गवताच्या चादरीची दोन-तीन सेंटीमीटर माती, तिच्याखाली लाल मातीचा चार-सहा इंचांचा थर, आणि त्याच्याखाली रोलर फिरवलेला मुरूम, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे. मुळे कुठपर्यंत गेली आहेत ते बघा. लाल मातीतच थांबली असतील तर अडचण वरची आहे. मुरमाच्या रेषेवर आडवी वळली असतील तर खालची. तुकडा परत बसवून पायाने हलकेच दाबा, पाणी घाला, दोन-तीन आठवड्यांत खूण दिसेनाशी होते.

पाणी मुरण्याची चाचणी हवी असेल तर दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा पाच सेंटीमीटर आत दाबा, बोटभर पाणी ओता, ते मुरले की पुन्हा तेवढेच ओता आणि या दुसऱ्या वेळेला किती वेळ लागतो ते मोजा. आकड्याला फार महत्त्व देऊ नका. चिकण काळ्या मातीत निरोगी अवस्थेतही पाणी सावकाशच मुरते. त्याच आवारातल्या वाफ्यात किती वेळ लागतो याच्याशी तुलना करा, तीच खरी.

हेही लक्षात घ्या की विरळ गवताचे कारण दर वेळी दबलेली माती नसते. आंब्याखाली गवत विरळ होते ते सावलीमुळे, आणि तिथे कितीही भोके पाडली तरी ऊन येणार नाही. मुठीत धरून ओढल्यावर गवत गालिच्यासारखे सहज उचलले गेले तर खाली हुमणीच्या अळ्या आहेत का ते बघा. पाय ठेवल्यावर लॉन स्पंजासारखे दबत असेल तर हिरव्या पात्यांखाली वाळक्या काड्या-मुळ्यांची गादी साठली आहे. ती अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर आधी ती दाताळ्याने विंचरून काढावी लागेल. कोरियन गवतात हे फार होते. आणि बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षे भिजलेल्या जमिनीवर पांढुरकी पापडी येत असेल तर माती परीक्षण करून घ्या. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौकशी करता येते.

केव्हा करायचे

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात आणि त्यांत सांगितलेला हंगाम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे राहणारी आपली भाची सप्टेंबरात भाड्याने यंत्र आणून एरेशन करते ते बरोबरच आहे. तिथले केंटकी ब्लूग्रास आणि टॉल फेस्क्यू ही थंड हवेत जोमाने वाढणारी गवते आहेत. आपल्याकडची हरळी, तिच्या लॉनसाठी निवडलेल्या जाती आणि कोरियन गवत ही उष्ण हवेतली. थंडीत ती जवळजवळ झोपतात. भोके पाडणे ही गवताला जखमच असते, ती भरून काढण्याइतकी वाढ चालू असेल तेव्हाच ती करावी. म्हणून डिसेंबर-जानेवारी बाद. जुलै-ऑगस्टही बाद, कारण त्या काळात माती इतकी ओली असते की भोके पाडताना तुमच्याच पायांनी ती दुप्पट दबेल.

उरतात तीन वेळा: थंडी सरल्यावर फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत, पावसाच्या तोंडावर मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. कोणती घ्यायची हे माती ठरवते. लाल माती किंवा मुरमाड जमीन असेल तर मी मे अखेर निवडेन. एकदा भिजवली की ती लवकर हाताळता येते, भोकांत पहिला पाऊस मुरतो आणि पुढचे दोन महिने गवत झपाट्याने वाढते. काळ्या मातीला मात्र ऑक्टोबर. मे महिन्यात ती भेगाळलेली आणि कडक असते, तिला एकसारखी ओल आणायला टँकर लागेल. शिवाय काळी माती उन्हाळ्यात आकसून आणि पावसाळ्यात फुगून स्वतःच थोडे एरेशन करते, त्यात ढवळाढवळ कशाला? पावसानंतर ती आपसूक वाफशावर येते, तो मोका गाठायचा. मार्चची वेळ चांगली आहे, पण उन्हाळाभर लॉनला पुरेल एवढे पाणी असेल तरच. कोकणात आणि गोव्यात थंडी नावापुरतीच असल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर निर्धास्तपणे घेता येतो.

आता वाफसा. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, बागवाल्यांना सांगावा लागतो. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, माती मोकळी होते पण अवजाराला चिकटत नाही, ती अवस्था. स्क्रूड्रायव्हरने पाच-सात सेंटीमीटर खोलीवरची चिमूटभर माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झालाच नाही, भुगा झाला, तर कोरडी आहे: नळी आत जाणार नाही. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला तर आज काम सुरू करा. गोळा दाबल्यावर फुटण्याऐवजी चपटा झाला, बोटांना चिकटला, तर अवजार ठेवून द्या. अशा मातीत नळी घातली की भोकाची भिंत गुळगुळीत लिंपली जाते, वाळल्यावर ती कडक होते आणि मुळांना तिच्यातून वाट काढता येत नाही. भोक दिसते छान, उपयोग शून्य.

लाल मातीला भरपूर पाणी दिल्यावर एका दिवसात वाफसा येतो. काळ्या मातीला दोन-तीन दिवस लागतात, ढगाळ हवेत जास्तही. रविवार मोकळा आहे म्हणून रविवारीच करायचे असे ठरवू नका. वाफसा मंगळवारी आला तर मंगळवारी सकाळी तासभर काढा.

अवजार: खिळा नको, नळी हवी

बाजारात दोन प्रकार दिसतात. एकात टोकदार खिळे असतात: बुटांना बांधायचे खिळ्यांचे तळवे, खिळ्यांचे रोलर. दुसऱ्यात पोकळ नळ्या असतात, त्या मातीची कांडी कापून बाहेर काढतात. खिळा माती बाहेर काढत नाही, तो तिला बाजूला दाबतो. म्हणजे भोकाच्या तळाशी आणि भोवती माती आणखी घट्ट. रेताड जमिनीत याने फारसे बिघडत नाही, पण चिकण जमिनीत खिळ्यांचे बूट घालून फिरणे हा निव्वळ व्यायाम आहे, आणि त्यात घोटा मुरगळण्याची शक्यता अधिक. ऑनलाइन मिळणारी द्रव एरेटरची बाटलीही मी घेणार नाही. साबणासारखी द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे पाणी थोडे सहज शिरेल, पण दबलेले कण वेगळे होत नाहीत.

पोकळ नळ्यांचे हातएरेटर ऑनलाइन मिळतात. न मिळाल्यास जवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घेणे अवघड नाही. अर्ध्या इंची जीआय पाइपचे दहा-दहा सेंटीमीटरचे दोन तुकडे, ते दहा सेंटीमीटर अंतरावर एका आडव्या पट्टीला जोडलेले, पट्टीवर पाय ठेवायला जागा आणि वर कमरेइतकी मूठ. तीन गोष्टी त्याला आठवणीने सांगा. पाइप हलक्या, म्हणजे ए क्लासचा घ्यायचा. जाड भिंतीचा पाइप स्वतःच बाजूची माती दाबतो. खालचे तोंड बाहेरून घासून धारदार करायचे आणि किंचित आत वळवायचे, म्हणजे कापलेली कांडी वर सरकताना सैल राहते आणि अडकत नाही. आणि प्रत्येक नळीच्या बाजूला लांबट खिडकी कापायची, तिथून माती बाहेर पडते. खिडकी नसली तर दर दहा भोकांनी सळई घालून नळी साफ करत बसावे लागेल.

हे काहीच जमले नाही तर चार दातांचा बागकामाचा काटा आहेच. तो माती काढत नाही, पण दात उभे आत घालून मूठ पुढे-मागे जराशी हलवली की माती वर उचलली जाऊन भेगा पडतात. म्हणून तो खिळ्यापेक्षा बरा. उलटून मात्र काढायचा नाही, नांगरट करायची नाही. लहान पट्ट्यासाठी, झाडाच्या मुळांजवळ आणि खडे असलेल्या जागी मी काट्यालाच पसंती देईन.

पेट्रोलवर चालणारी यंत्रे गोल्फ मैदानांवर आणि क्लबांच्या मैदानांवर असतात. घरगुती कामासाठी भाड्याने मिळणे आपल्याकडे सोपे नाही. लँडस्केपच्या ठेकेदाराकडे विचारून बघा, पण पाचशे चौरस फुटांसाठी यंत्र आणण्याचा खर्च सहसा परवडत नाही.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी गवत नेहमीपेक्षा थोडे खाली, साधारण एक इंचावर कापा. फार खरवडू नका. वाळकी पाने दाताळ्याने ओढून घ्या. मग जमिनीखाली काय काय आहे ते आठवा: स्प्रिंकलरची तोंडे, ठिबकच्या उपनळ्या, बागेतल्या दिव्यांची केबल, पाण्याच्या टाकीकडे जाणारा पाइप. दिव्यांची केबल बऱ्याच ठिकाणी जेमतेम चार बोटे खोल पुरलेली असते. प्रत्येक जागी काठी रोवा किंवा चुन्याची रेघ मारा, दोन्ही बाजूंनी वीतभर जागा सोडा आणि दिव्यांचा एमसीबी खाली करा. लव्हाळ्याचे म्हणजे नागरमोथ्याचे चट्टे असतील तर त्यांनाही खूण करा. तिथल्या कांड्यांबरोबर त्याच्या गाठी निघतात आणि त्या लॉनभर पसरल्या तर पुढची दोन वर्षे तुमचे काम तेवढेच. तो भाग शेवटी करायचा आणि तिथली माती थेट कचऱ्यात टाकायची.

बंद बूट घाला. एका कडेपासून सुरुवात करा आणि मागे मागे सरकत या, म्हणजे पाडलेल्या भोकांवर तुमचाच पाय पडणार नाही. नळी उभी धरा, पट्टीवर पाय ठेवून अंगाचा भार द्या, सात-आठ सेंटीमीटर आत गेली की सरळ वर ओढा. पुढच्या दाबाला नवी कांडी जुनीला वर ढकलून खिडकीतून बाहेर टाकते. नळी वाकडी करून ओढू नका, तोंड वाकते आणि भोकही फाटते.

अंतर किती ठेवायचे? दहा सेंटीमीटर अंतराने एका चौरस मीटरमध्ये शंभर भोके बसतात. पाचशे चौरस फूट म्हणजे साधारण साडेशेचाळीस चौरस मीटर, तेव्हा एकूण चार हजार सहाशेच्या आसपास भोके. दोन नळ्यांच्या अवजाराने हे दोन हजार तीनशे दाब झाले. मिनिटाला आठ धरले तर जवळजवळ पाच तासांचे काम. हा हिशेब आधीच सांगितलेला बरा, कारण बहुतेक लोक पहिल्या पाऊण तासात कंटाळून अंतर फूटभर करून टाकतात. सोळा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीने चौरस मीटरमध्ये शंभर भोके पाडली तरी पृष्ठभागातली जेमतेम दोन टक्के माती बाहेर येते. फूटभर अंतराच्या भोकांना काय अर्थ उरतो ते यावरून कळेल. म्हणून नकाशा हाताशी ठेवा: दबलेल्या पट्ट्यांत दहा सेंटीमीटर, बाकी ठिकाणी पंधरा, आणि जिथे स्क्रूड्रायव्हर सहज गेला होता तिथे काहीच नाही. बहुतेक घरांत काम अशाने निम्म्यावर येते. दोन सकाळींत विभागा. ऊन चढले की थांबा.

कोरियन गवताच्या बाबतीत हात आवरता घ्यावा. हरळी जमिनीखालून आणि वरून धुमारे टाकून आठवड्या-दोन आठवड्यांत भोक झाकते, कोरियन गवताला कितीतरी जास्त वेळ लागतो. तिथे पंधरा सेंटीमीटर पुरे, उरलेले पुढच्या वर्षी.

कांड्यांचे काय करायचे आणि भोकांत काय भरायचे

लॉनवर पडलेल्या मातीच्या कांड्या बघून घरची मंडळी घाबरतात, पण त्या उचलायची गरज नाही. अर्धवट सुकल्या, बोटाने दाबल्यावर कुस्करू लागल्या, की दाताळ्याच्या पाठीने फोडा किंवा ओले पोते दोरीने बांधून लॉनवरून ओढा. काळ्या मातीत ही वेळ चुकवू नका. तिच्या कांड्या कडक उन्हात दोन दिवस राहिल्या तर खडे होतात आणि पुढच्या कापणीला मशीनचे पाते बोथट करतात. कांड्यांत मुरूम किंवा सिमेंटचा चुरा दिसत असेल तर मात्र गोळा करून बाहेर काढा.

भोकांत काय जाते यावर पुढचा सगळा परिणाम अवलंबून आहे, आणि इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पहिला, वाळूचा. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती मोकळी होते असे समजतात. थोड्या वाळूने तसे होत नाही: वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरून काढते आणि मिश्रण आणखी घट्ट बसते. वाळूचा गुण यायला ती मातीपेक्षा बरीच जास्त लागते. गोल्फच्या ग्रीनवर एरेशननंतर वाळू भरतात, कारण तिथला खालचा थरच वाळूचा बनवलेला असतो. आपल्या लॉनखाली तसा थर नाही.

दुसरा, दर मे महिन्यात लॉनवर ट्रॉलीभर लाल माती पसरण्याचा रिवाज. बारीक लाल मातीचे थरावर थर चढतात, लॉन पायवाटेपेक्षा वर येते, पाणी बाहेर वाहू लागते. शिवाय दोन वेगळ्या पोतांच्या मातीच्या सीमेवर पाणी अडते आणि मुळेही तिथेच रेंगाळतात. खड्डे समतल करायला माती जरूर टाका, पण आधी खाली जी आहे तिच्याशी जुळणारी आणि तेवढ्याच जागेपुरती.

तिसरा, जिप्समचा. चोपण जमिनीत सोडियम जास्त असतो, जिप्सममधले कॅल्शियम त्याची जागा घेते आणि माती सुटी होते. पाण्याखालच्या ऊसपट्ट्यांत याचा खरोखर उपयोग आहे. पण पायांनी दबलेल्या साध्या मातीवर जिप्सम टाकून पैसे तेवढे जातात. परीक्षणात सोडियम निघाला तरच वापरा.

भरायचे ते पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत, पाव इंची चाळणीतून चाळून. हाताला कोरडे, भुसभुशीत लागले पाहिजे. कच्चे शेणखत नको: उग्र वासाचे, गरम असलेले शेण गवत जाळते, हुमणीला आमंत्रण देते आणि त्यातून तणांचे बी येते ते वेगळेच. पाचशे चौरस फुटांवर चार मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे १८५ लिटर, सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या मापाने पाच पिशव्या. ढीग जागोजागी ओता आणि खराट्याने किंवा दाताळ्याच्या पाठीने पसरून भोकांत लोटा. शेवटी गवताची टोके वर दिसली पाहिजेत. झाकली गेली असतील तर जास्त झाले, झाडून बाजूला करा. पावसाच्या तोंडावर काम करत असाल आणि लॉनला उतार असेल तर थर आणखी पातळ ठेवा, नाहीतर पहिल्याच सरीत खत गटारात जाईल.

पुढचे पाच-सहा आठवडे

लगेच हलके पाणी द्या, खत भोकांत बसेल एवढेच. पुढचा आठवडाभर माती कोरडी पडू देऊ नका, कारण उघड्या भोकांतून मुळे लवकर सुकतात. त्यानंतर सवय बदला. रोज सकाळी पाच मिनिटे शिंपडण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड सावकाश, खोल मुरेल असे पाणी. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच राहतात आणि माती कायम ओली असल्याने पुन्हा पटकन दबते.

नवी पाने दिसू लागली, साधारण दहा-बारा दिवसांनी, की पाचशे चौरस फुटांना २५० ग्रॅम युरिया पुरेसा आहे. मूठभर बारीक मातीत मिसळून दवाने न भिजलेल्या गवतावर फोका आणि लगेच पाणी द्या. वाढ चांगली असेल तर महिन्याने तेवढाच पुन्हा. ऑक्टोबरात काम केले असेल तर दुसरा हप्ता थंडी पडण्याच्या आत टाका, नाहीतर सोडून द्या.

पहिली कापणी उंच ठेवा आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मुलांचा खेळ तीन आठवडे अंगणाच्या दुसऱ्या बाजूला. सहा आठवड्यांनी जुना नकाशा काढा, वाफशावर त्याच जागी स्क्रूड्रायव्हर घाला. दोन-तीन सेंटीमीटर जास्त गेला तरी काम झाले समजा. एका खेपेत संपूर्ण पंधरा सेंटीमीटर मोकळी होईल अशी अपेक्षा नको. अवजारच तेवढे खोल जात नाही.

खालीच मुरूम निघाला तर

खणून पाहिलेल्या खड्ड्यात मुळे रोलर फिरवलेल्या मुरमावर किंवा राडारोड्यावर अडलेली दिसली असतील तर सात-आठ सेंटीमीटरची भोके वरवरची मलमपट्टी ठरतील. थोड्या जागेत अडचण असेल तर पहारीने दोन-दोन फुटांवर फूटभर खोल भोके करून ती आडवी हलवून रुंद करा आणि कंपोस्ट व तिथलीच चाळलेली माती समप्रमाणात भरा. मजुरीचे काम आहे, पण लॉन वाचते. सगळ्या लॉनखाली तीच स्थिती असेल तर सरळ सांगतो: दरवर्षी त्यावर मेहनत करण्याऐवजी एकदाच गवताचे तुकडे कापून सावलीत ओले ठेवा, खालचा राडारोडा उचला, तळ फूटभर खणून मोकळा करा, कंपोस्ट मिसळा, पाणी देऊन बसू द्या आणि मग गवत परत लावा. नवे घर घेत असाल तर हे लॉन लावण्याआधीच करून घ्या. बिल्डरच्या माणसाने वर पसरलेली हिरवी चादर बघून समाधान मानू नका, तीच पहार घेऊन एक भोक पाडून बघा.

पुन्हा दबू नये म्हणून

वहिवाटीची वाट लॉनवरून जात असेल तर ती मान्य करा आणि पावलांच्या अंतरावर शहाबादी फरशा बसवा. माणसे वळसा घालत नाहीत, आणि दारावरची पाटी वाचून तर नाहीच नाही. मुंज, बारसे, वाढदिवस लॉनवर करायचा असेल तर आदल्या दोन दिवसांत पाणी देऊ नका. कोरडी माती शंभर माणसे सहन करते, ओली दहासुद्धा करत नाही. जड रूळ नव्या लॉनवर गवत जमिनीला टेकवण्यापुरता एकदा फिरवला तर ठीक, दरवर्षी सपाटीसाठी फिरवायचा असेल तर माळीदादांना विनंती करून थांबवा. गवताचे कापलेले बारीक तुकडे अधूनमधून तिथेच राहू द्या. ते कुजतात, गांडुळे येतात आणि ती फुकटात भोके पाडतात.

रोज मुले खेळत असतील तर हे काम दरवर्षी, नुसते बघण्यापुरते लॉन असेल तर दोन-तीन वर्षांनी, आणि रेताड जमीन असेल तर बहुधा कधीच नाही. नळी वापरून झाली की आतली माती धुऊन काढा आणि तोंडाला तेलाचे बोट लावून ठेवा. ए क्लासचा पाइप गंजला की पुढच्या हंगामात पहिल्याच दाबाला वाकतो.